पैसे मोजून घेतलेलं ई-बुक मित्राला देता येतं का? कायदा मोठा की लायसन्सचा करार?

छापील पुस्तक खुशाल द्या, विका. ई-बुकात बहुतेक वेळा पुस्तक विकत घेतलेलं नसतंच, वाचायची परवानगी घेतलेली असते. २००९ साली अ‍ॅमेझॉनने लोकांनी पैसे देऊन घेतलेली काही पुस्तकं त्यांच्या किंडलवरून परस्पर पुसली होती.

पण दुसऱ्या प्रश्नावर मला बोलायचंच आहे. मी कॉलेजात ग्रंथपाल होते आणि यावरून माझं कडाक्याचं भांडण झालंय.

एम.ए.ला एक दृष्टिहीन मुलगी होती. तिला लागणारं अर्थशास्त्राचं पुस्तक आमच्या वर्गणीच्या ई-बुक संग्रहात होतं, पण पानं म्हणजे नुसते फोटो. तिचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर, पानाचा आकडा वाचायचा आणि गप्प व्हायचा. मी पानं उतरवून घेतली, ओसीआर केलं, म्हणजे फोटोतली अक्षरं संगणकाकडून ओळखून घेतली, तक्ते हाताने नीट केले आणि वर्डची फाइल तिला दिली. एवढी पानं एकदम उतरवलेली विक्रेत्याला दिसली. विचारलं तेव्हा मी खरं कारण सांगितलं. उत्तर आलं: करारात रूपांतराला मनाई आहे, पुन्हा केलंत तर संग्रह बंद करू.

कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ५२(१)(झेडबी) आहे. अपंग व्यक्तीला वाचता यावं म्हणून कोणीही नफा न घेता सुलभ प्रत करून दिली, तर तो कॉपीराइटचा भंग होत नाही. याच कामासाठीचा मराकेश हा आंतरराष्ट्रीय करार २०१४ मध्ये जगात सर्वांत आधी भारताने मंजूर केला. हे सगळं मी ग्रंथालय समितीपुढे ठेवलं. एक ज्येष्ठ सर म्हणाले, "मॅडम, सही आपण केलीय. कायद्याने दिलेली सवलत सोडायला आपण मोकळे आहोत."

सवलत त्या मुलीची होती. ती सोडणारे आपण कोण?

ठराव माझ्या विरोधात गेला. मग मी त्याच पुस्तकाची छापील प्रत मागवली आणि स्कॅन करून तिला दिली. मजकूर तोच, कायदा तोच, फक्त कागदासोबत करार नव्हता. कोणाचाही मेल आला नाही.

ब्रिटनने २०१४ मध्ये अशा प्रतींना आडकाठी करणारी कराराची अट लागूच होणार नाही, असं कायद्यात लिहिलं. आपला कायदा यावर गप्प आहे. म्हणून आपल्याकडे कॉपीराइटचा भंग नसला तरी करारभंगाचं भांडण उभं राहू शकतं, आणि ते न्यायालयात जायच्या आधीच विक्रेता संग्रह बंद करतो.

मी वकील नाही. आणि हे कलम मित्राला फाइल पाठवण्यासाठी नाही. तिथे बहुधा कायदा आणि करार दोन्ही तुमच्या विरोधात जातील. पण कुठल्या ग्रंथालय समितीवर असाल तर सही करण्याआधी एक ओळ घालून घ्या: "या करारातील कोणतीही अट कलम ५२ खालील वाचकांचे हक्क कमी करणार नाही." विक्रेता नाही म्हणाला, तर तो नकार लेखी मागा. आमचे ते सर हे वाचत असतील, तर त्यांनीही मागावा.