भावाचं कौतुक करावं, पण कशाचं?

थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलांच्या मोठ्या भावंडांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. या आजारात शरीराला पुरेसं हिमोग्लोबिन तयार करता येत नाही. त्यामुळे दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं.

प्रश्न : माझा भाऊ 16 वर्षांचा आहे. तो वर्षाचाही नव्हता तेव्हापासून त्याला रक्त चढतंय. मला त्याचं फार कौतुक वाटतं, पण 'किती धीराचा आहेस रे' म्हटलं की तो उठूनच जातो. माझं काय चुकतं?

हे वाक्य त्याने मावशीकडून, शेजारच्या काकूंकडून, अगदी रिक्षावाल्याकडूनही ऐकलंय. शिवाय सुई टोचून घेण्यात त्याला स्वतःचा पराक्रम वाटत नाही. न टोचून सांगतो कुणाला? आणि एकदा 'शूर' असा शिक्का बसला की रडायचीही चोरी होते.

तुम्ही ताई आहात. जे इतरांना दिसत नाही ते तुम्हाला दिसतं, त्याबद्दल बोला. आमच्या डे-केअरमध्ये, म्हणजे दिवसा येऊन रक्त चढवून घेण्याच्या केंद्रात, एक मुलगा यायचा. सिस्टर नवीन असली की तो आधीच सांगायचा, "डावा हात नको, ती शीर पळते. इथे बघा, अंगठ्याच्या वर." त्याची बहीण एकदा सहज म्हणाली, "मला माझ्या हातावर एक शीर धड सापडायची नाही." पोरगं दिवसभर खुशीत होतं. तिने त्याच्या आजाराला नव्हे, त्याच्या अकलेला दाद दिली होती.

आणि हो, रिमोटवरून भांडत जा. मोठ्यांनी भांडायचं सोडलं की आपण घरात पाहुणे झालो, हे मुलांना बरोबर कळतं.

प्रश्न : मी 19 वर्षांचा. माझा आणि धाकट्या बहिणीचा रक्तगट एकच आहे. तिला दर वेळी मीच रक्त दिलं तर?

भावना कळते, पण नको. साधा हिशेब बघा: पुरुषाला दोन रक्तदानांत तीन महिन्यांचं अंतर ठेवावं लागतं, तिला तर तिसऱ्या आठवड्यात पिशवी लागते. त्याहून मोठं कारण वेगळं आहे. सख्ख्या नातेवाइकाच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीराला कधीकधी परक्या वाटतच नाहीत. मग त्या तिथे टिकतात आणि उलट त्याच शरीरावर हल्ला करतात. असं क्वचित होतं, पण झालं तर बहुधा जीवावर बेततं. शिवाय पुढे बोन मॅरो प्रत्यारोपण करायचं ठरलं, तर पहिली तपासणी तुमचीच होईल. सख्ख्या भावंडाचा एचएलए, म्हणजे शरीर आपलं-परकं ओळखतं त्या पेशींवरच्या खुणा, पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. जुळलाच, तर तिच्या शरीराची तुमच्या पेशींशी आधीच शत्रुत्वाची ओळख झालेली नसावी.

तेव्हा रक्त द्या, पण रक्तपेढीत, दुसऱ्या कुणासाठी. तुमच्या बहिणीलाही असंच अनोळखी माणसाचं रक्त चालू आहे.

प्रश्न : भाऊ लोह उतरवायची गोळी खिडकीतून टाकतो. हे फक्त मला माहीत आहे. आईला सांगू का?

आधी त्याच्याशी बोला, पण गप्प राहू नका. रक्ताच्या एका पिशवीतून साधारण 200 ते 250 मिलिग्रॅम लोह अंगात जातं. शरीर मात्र दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच बाहेर टाकतं. उरलेलं यकृतात, हृदयात, ग्रंथींत साठत जातं, आणि पुष्कळ दिवस दुखत-खुपत काहीच नाही. म्हणूनच या वयात गोळ्या सुटतात. पाण्यात विरघळवायची गोळी असेल तर एकदा त्याच्याशेजारी बसून बघा. रिकाम्या पोटी तो गढूळ ग्लास, मग तळाशी राहिलेल्या गाळात पुन्हा पाणी घालून तेही प्यायचं, रोज. मळमळ होत असेल तर डॉक्टर औषध किंवा वेळ बदलून देऊ शकतात. पुढच्या फेरिटिनच्या (साठलेलं लोह दाखवणाऱ्या रक्ततपासणीच्या) रिपोर्टपर्यंत सुधारलं नाही, तर आईला सांगायचं. तसं त्याला आधीच बजावून ठेवा. पाठीमागून चुगली नको.

प्रश्न : मला बघायला मंडळी येणार आहेत. घरचे म्हणतात, त्या दिवशी भावाला मामाकडे पाठवू.

मुळीच नाही. भिंतीपलीकडे बसून तो हे सगळं ऐकतोय.

तुम्ही एवढंच करा: हिमोग्लोबिन ए-टूची तपासणी झाली नसेल तर करून घ्या. तुम्ही थॅलेसेमियाच्या वाहक आहात का, म्हणजे आजार नसला तरी त्याचा जनुक तुमच्यात आहे का, ते त्यात कळतं. मेजर मुलाचं सख्खं, निरोगी भावंड वाहक असण्याची शक्यता तिनात दोन असते. वाहकाला स्वतःला बहुधा काही त्रास नसतो. तुम्ही वाहक निघालात तर बघायला आलेल्या मुलाचीही तपासणी व्हायला हवी, कारण दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर होण्याची शक्यता चारात एक. हे पाहुण्यांसमोर सरळ बोला, भावाला शेजारी बसवून. फक्त कार्यक्रम त्याच्या रक्ताच्या तारखेच्या आदल्या दिवशी ठेवू नका. हिमोग्लोबिन उतरलं की तो चिडका होतो, आणि होणाऱ्या भाओजींशी पहिल्याच चहाला वाजायचं.