पाळकांची बदली आणि कंपाउंडची जमीन

प्रश्न : जालना जिल्ह्यातल्या आमच्या सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीत मी पास्टरेट कमिटीची, म्हणजे स्थानिक कारभार बघणाऱ्या समितीची, सेक्रेटरी आहे. बिशपसाहेबांनी आमच्या पाळकसाहेबांची अचानक बदली केली. निम्मी मंडळी नव्या पाळकांना आत येऊ द्यायला तयार नाही. त्यातच कंपाउंडची रस्त्याकडची जागा गाळ्यांसाठी २९ वर्षांच्या लीजवर देणार असं कळतंय. बदलीला कोर्टाचा स्टे मिळेल का?

उत्तर : ताई, सलाम. तुमच्या पत्रात तीन पानं बदली आहे आणि जमीन शेवटच्या चार ओळींत. मला घोर लागला तो त्या चार ओळींचा.

आधी बदली. जालन्याकडचं जुनं काम स्कॉटिश मिशनचं, नारायण शेषाद्रींनी वसवलेल्या बेथेल या ख्रिस्ती गावापासूनचं. प्रेस्बिटेरियन पद्धतीत बिशप नव्हताच. मंडळीनं निवडलेले वडील (एल्डर) आणि पाळक मिळून कारभार बघायचे. ‘आमचा पाळक आम्ही ठरवू’ हे तुमच्याकडं घराघरात का रुजलंय, ते मला कळतं. पण २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा पंथांच्या मंडळ्या एक होऊन सीएनआय झाली आणि त्यांतल्या अँग्लिकनांचं (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्यांचं) बिशपपद सगळ्यांनी स्वीकारलं. आता खाली पास्टरेट कमिटी, वर धर्मप्रांताची, म्हणजे बिशपांच्या हद्दीची, कौन्सिल, सगळ्यांत वर सिनड ही पूर्ण सीएनआयची सभा. पाळकांची नेमणूक धर्मप्रांताच्या हातात. बिशपही घटनेला बांधलेले आहेत, म्हणून बदलीत नियम डावलला असेल तर लेखी हरकत घ्या, सिनडपर्यंत जा. स्टे मात्र अवघड. आणि चर्चला कुलूप घालू नका, कुणालाही घालू देऊ नका. रविवारची उपासना बंद पडली की भांडण पोलिसांच्या हातात जातं, मग मंडळीचं कुणी ऐकत नाही.

आता जमीन. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ नुसार बिगरशेती जागा तीन वर्षांहून जास्त मुदतीनं लीजवर द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. बिशप, कौन्सिल, कमिटी, कुणाचाही ठराव तिची जागा घेत नाही. तुमची लेखी हरकत या आठवड्यातच जाऊ द्या. २०१७ च्या दुरुस्तीनं अपवादात्मक परिस्थितीत मागाहून मंजुरी देण्याची वाट ठेवली आहे, त्यामुळे गाळे उभे राहीपर्यंत थांबणं परवडणार नाही.

त्याआधी जमीन कोणत्या ट्रस्टच्या नावावर आहे ते बघा. मंडळ्या एक झाल्या म्हणून जुन्या ट्रस्टची मालमत्ता आपोआप सीएनआयची होत नाही. गुजरातेतल्या ब्रेदरन मंडळीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये तसं स्पष्ट सांगितलं. धर्मादाय कार्यालयातून शेड्यूल एकची (ट्रस्टच्या तिथल्या नोंदीची) प्रमाणित नक्कल काढा, विश्वस्त म्हणून आज कुणाची नावं आहेत ते वाचा. सोबत पीआर कार्ड (मिळकत पत्रिका) किंवा सातबारा. निजामकाळातली उर्दू कागदं कुणाच्या पेटीत असतील तर भाषांतर करून घ्या. आपल्याकडं पुष्कळदा खरी मालकी तिथंच सापडते.

थेट दिवाणी दावा लावू नका. अशा वादांत त्याच कायद्याचं कलम ८० आडवं येतं, धर्मादाय अधिकाऱ्यांनी ठरवायचे प्रश्न दिवाणी कोर्टाला ऐकता येत नाहीत, हे सीएनआयच्याच एका प्रकरणात २००५ मध्ये ठरलं आहे. कलम ५० खाली दाव्याची परवानगी मागायची वेळ आलीच, तर बऱ्याच प्रकारच्या दाव्यांना किमान दोन हितसंबंधी व्यक्ती लागतात. म्हणून हरकतीवर एकट्या सही करू नका. बदलीवरून तुमच्या विरोधात बसलेल्यांपैकीही कुणाची तरी सही घ्या. जमीन त्यांचीही आहे.