स्वतःची चूल पेटत नसताना क्युबाने चेर्नोबिलच्या मुलांवर फुकट उपचार केले, हे खरं की नुसता प्रचार? आणि त्यांना यातून मिळालं काय?

खरं आहे. चार मुलं आणली, फोटो काढले आणि परत पाठवली, असा तो प्रकार नव्हता. तेव्हाच्या सोव्हिएत संघातली, आजच्या युक्रेनमधली चेर्नोबिलची अणुभट्टी २६ एप्रिल १९८६ ला फुटली. २९ मार्च १९९० ला आजारी मुलांची पहिली तुकडी हवानाच्या विमानतळावर उतरली. १३९ मुलं होती आणि त्यांना घ्यायला फिडेल कॅस्ट्रो स्वतः आले होते. तेव्हा सुरू झालेला कार्यक्रम २०११ पर्यंत चालला. युक्रेन, रशिया आणि बेलारूसमधले सुमारे २५ हजार रुग्ण येऊन गेले. त्यातली बहुसंख्य मुलं होती आणि सर्वांत जास्त युक्रेनची.

मी बरीच वर्षं कॅन्सरच्या रुग्णालयात रेडिओथेरपी टेक्निशियन होते. त्यामुळे या कार्यक्रमातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट औषधं नाहीत, राहण्याची सोय आहे. हवानाच्या पूर्वेला समुद्रकाठी तारारा नावाची वसाहत आहे. क्रांतीपूर्वी तिथे श्रीमंतांचे बंगले होते, नंतर शाळकरी मुलांची शिबिरं भरायची. ती सगळी वसाहत या मुलांना दिली. मुलाबरोबर आई राहायची. दुभाषे होते आणि मुलांची वर्षं बुडू नयेत म्हणून शाळाही होती. आलेल्या प्रत्येकाची तपासणी करून आजाराच्या गंभीरतेनुसार गट पाडले जायचे. ल्युकेमियासारखं (रक्ताचा कर्करोग) दुखणं असेल तर हवानाच्या मोठ्या रुग्णालयात भरती, बाकीच्यांवर तारारातच उपचार. कोणी दीड-दोन महिने राहिलं, कोणी काही वर्षं.

आपल्याकडे गावाहून आलेल्या कॅन्सरच्या मुलाचे आईवडील रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर महिनोन्‌महिने काढतात, हे मी रोज पाहिलं आहे. उपचार सवलतीत मिळतात, पण मुंबईत राहायचं कुठे? एवढ्यासाठी लोक उपचार अर्धवट टाकून गावी जातात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली की त्या घराचा अर्धा घोर मिटतो. क्युबाने हे काम सरकारी पातळीवर, परदेशी मुलांसाठी केलं. विमानाचा खर्च युक्रेनकडे होता. राहणं, जेवण आणि उपचार क्युबाकडे.

आता ‘स्वतःची चूल’. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला आणि क्युबाचं स्वस्त तेल, धान्य, यंत्रांचे सुटे भाग सगळं आटलं. अर्थव्यवस्था तीन-चार वर्षांत तिसऱ्या हिश्श्याने आक्रसली. १९९२-९३ मध्ये तिथे पन्नास हजारांवर माणसांना मज्जातंतूंचा विकार जडला, अनेकांची नजर अधू झाली. मुख्य कारण अपुरा आहार आणि ‘ब’ जीवनसत्त्वांची कमतरता. त्याच सुमारास भारतातून त्यांच्याकडे दहा हजार टन गहू गेला होता. तो गोळा करण्यात कम्युनिस्ट नेते हरकिशनसिंग सुरजीत यांचा पुढाकार होता. अशा दिवसांतही तारारा बंद पडलं नाही.

याची किंमत सामान्य क्युबन माणसाने मोजली आणि त्याला कोणी विचारलं नव्हतं. विरोधी पक्ष नाही, स्वतंत्र वर्तमानपत्र नाही, मग तक्रार मांडणार कुठे? कार्यक्रमाचे गोडवे गाणारे ही बाजू गाळतात. मला ते पटत नाही.

वैद्यकीय दाव्यांबद्दलही जपून बोलायला हवं. चेर्नोबिलमुळे मुलांना थायरॉइडचा कर्करोग झाला, हे पक्कं सिद्ध आहे. किरणोत्सारी आयोडीन गवतावर पडलं, गाईच्या दुधात उतरलं आणि दुधातून मुलांच्या गळ्यातल्या ग्रंथीत साठलं. तारारातल्या बऱ्याच मुलांना मात्र कोड, केस गळणं, सोरायसिस असले त्रास होते. ते सगळे किरणोत्सारामुळेच झाले, असं म्हणता येत नाही. बाळंतपणानंतर पडणाऱ्या वारेपासून बनवलेली क्युबन औषधं त्यांच्यावर वापरली गेली, पण त्या औषधांना जगभर मान्यता मिळाली नाही. उलट ज्याची फारशी चर्चा होत नाही असा एक साधा फायदा नक्की होता. स्फोटातून पसरलेलं सीझियम हे किरणोत्सारी द्रव्य शरीरात गेलं, तरी ते हळूहळू लघवीवाटे बाहेर पडतं आणि मुलांच्या शरीरातून मोठ्यांपेक्षा लवकर. दूषित दूध, मशरूम, जंगलातली बेरीसारखी रानफळं खाणं थांबलं आणि काही आठवडे स्वच्छ अन्न पोटात गेलं, की अंगातला साठा आपोआप घटतो. समुद्र, ऊन आणि बिनघोर झोप यांनीही मूल सुधारतं, हे कुठलीही परिचारिका सांगेल.

मग एवढं केलं का? सुरुवातीला सोव्हिएत मैत्री होतीच आणि जगात नाव व्हावं ही इच्छाही होती. पण मैत्रीचं कारण १९९१ मध्येच संपलं आणि टीव्हीचे कॅमेरेही कायम राहत नाहीत. कार्यक्रम पुढे वीस वर्षं टिकला, कारण क्युबाकडे पैसा आणि तेल नसलं तरी डॉक्टर भरपूर होते. त्यांना पगार स्थानिक चलनात, तोही तुटपुंजा. श्रीमंत देशाला अशा कार्यक्रमासाठी डॉलर मोजावे लागले असते. क्युबाने आपल्याकडे होतं ते मनुष्यबळ दिलं. नुसत्या प्रचारासाठी कोणी इतकी वर्षं परक्या मुलांना जेवू घालत नाही, असं मला मनापासून वाटतं.

‘मिळालं काय’ याचं उत्तर सरकारी हिशेबात शोधाल तर ते फारसं भरणार नाही. रशिया-युक्रेन युद्धात क्युबाचं सरकार रशियाकडे झुकलं. २०२३ मध्ये क्युबावरच्या अमेरिकी निर्बंधांविरुद्ध संयुक्त राष्ट्रांत मतदान झालं, तेव्हा १८७ देश क्युबाच्या बाजूने होते, अमेरिका आणि इस्रायल विरोधात, आणि तटस्थ राहिलेला एकच देश होता, युक्रेन.