बुलेटचा सायलेन्सर: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: जुनी बुलेट ३५० घेतली. सायलेन्सरची पुंगळी आधीच्या मालकाने काढून टाकली आहे. आत ग्लासवूल भरलं तर आवाज बसेल का?

नाही बसणार. ग्लासवूल वरच्या पट्टीतला कर्कशपणा खातं. बुलेटची धडधड खालच्या पट्टीतली. ३,००० आरपीएमला हे इंजिन सेकंदाला जेमतेम २५ ठोके देतं. ते अडवायला आतले कप्पे आणि आडवे पडदेच लागतात. पुंगळी गेली म्हणजे नेमकं तेच गेलं. शिवाय सुटं भरलेलं ग्लासवूल धुराच्या झोतात मागून उडून जातं.

पुंगळी पुन्हा वेल्ड करून देणारे भेटतील, पण वेल्ड आतून गंजतो आणि सुटलेला पत्रा खडखडतो. त्यापेक्षा मूळ सायलेन्सर घ्या. घेताना आरसी सोबत न्या. बीएस-४ आणि बीएस-६ (धुराच्या नियमांचे टप्पे) गाड्यांचे भाग सरसकट एकमेकांना चालत नाहीत.

बसवताना इंजिन थंड हवं. हेडजवळचे (इंजिनच्या वरच्या भागाजवळचे, जिथे पाईप जोडतो) नट गंजले असतील तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. तेल न मारता जोर लावून फिरवले तर स्टड (नट ज्यावर बसतो तो खिळा) तुटतो आणि छोट्या कामासाठी हेड उतरवायची वेळ येते. गॅस्केट (जोडातली गळती रोखणारी चकती) नवीनच टाका, जुनं दाबलेलं परत धरत नाही. आधी सगळे नट हाताने लावून घ्या, मग हेडचे, त्यानंतर क्लॅम्प आणि सर्वांत शेवटी मागचा ब्रॅकेट आवळा. उलट क्रमाने आवळलं की पाईप ताणाखाली राहतो आणि ब्रॅकेटपाशी तडा जातो. गाडी एकदा तापून थंड झाली की नट पुन्हा तपासा.

प्रश्न: मर्यादा ८० डेसिबलची, आणि मोबाईलवर ९० च्या वर दिसतं. मूळ सायलेन्सर असूनही दंड होणार का?

तुम्ही दोन वेगळी मापं एकत्र करताय. १७५ सीसीवरच्या मोटरसायकलींची ८० डेसिबल ही मर्यादा कारखान्यातून निघणाऱ्या नव्या गाडीसाठी आहे आणि ती गाडी वेगात जाताना ७.५ मीटरवरून मोजतात. उभ्या गाडीच्या चाचणीत मायक्रोफोन नळीच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांच्या कोनात असतो. मोकळ्या जागेत नुसत्या या अंतराचाच फरक २३ डेसिबलच्या घरात जातो. त्यात मोबाईलचा माईक बोलण्यासाठी बनवलेला. बदलाच्या आधी आणि नंतर, त्याच जागी, त्याच आरपीएमला ताडून पाहायला तो ठीक. पोलिसांना दाखवायला नाही.

प्रश्न: मूळ सायलेन्सर बसवला, तरी ॲक्सिलरेटर सोडला की फटाके वाजतात.

बहुधा जोडातून हवा शिरतेय. थ्रॉटल बंद होताना न जळलेलं थोडं पेट्रोल पाईपमध्ये येतं. त्याला गळतीतून हवा मिळाली की तापलेल्या नळीत ते पेटतं.

गाडी थंड असताना सुरू करा, जाड कापडाची घडी दोन-तीन सेकंद नळीच्या तोंडावर दाबा आणि दुसऱ्याला हेड व क्लॅम्पच्या जोडाशी कान द्यायला सांगा. फुसफुस ऐकू आली किंवा काजळीचा काळा ओघळ दिसला की जागा सापडली. जोड घट्ट असूनही फटाके राहिले, तर कार्ब्युरेटरच्या गाडीत मिश्रण कोरडं (हवा जास्त, पेट्रोल कमी) झालंय का पाहा, आणि ज्यात एअर व्हॉल्व्ह (धुराच्या नळीत ताजी हवा सोडणारी झडप) आहे त्यात तो अडकलाय का. एखादा हलका फटाका मात्र चालतो, त्यामागे धावू नका.

प्रश्न: बाहेरचा सायलेन्सर आहे, पण डीबी किलर (नळीत बसवायचा, आवाज कमी करणारा सुटा भाग) लावलाय. पीयूसीही पास आहे. मग दंड होणार का?

पीयूसीत धूर तपासतात, आवाज नाही. ते प्रमाणपत्र इथे उपयोगाचं नाही. डीबी किलर एका बोल्टवर असतो आणि पाच मिनिटांत निघतो, हे नाक्यावरच्या हवालदारालाही ठाऊक असतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली आवाजाचा नियम मोडल्यास पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, शिवाय परवाना तीन महिने बाद. मूळ सायलेन्सर घरात पडून असेल तर तोच चढवा. विकून टाकला असेल तर आधी त्याचा शोध घ्या.