दहा दिवसांनंतरचं वादळ बघून गोडी छाटणी थांबवावी का?

भाऊ, तुमचा प्रश्न असा की विंडी या हवामानाच्या ॲपवर दहा दिवसांनी मुंबईजवळ चक्रीवादळ दिसतंय, नाशिक जिल्ह्यातल्या निफाडच्या ग्रुपवर तो फोटो फिरतोय, तर द्राक्षबागेची उद्याची गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी, पुढे ढकलायची का. माझं मत सरळ आहे, त्या फोटोवरून ढकलू नका.

आधी फोटो कोणत्या मॉडेलचा, म्हणजे अंदाज काढणाऱ्या कोणत्या संगणकी प्रणालीचा, आहे ते बघा. अमेरिकेचं जीएफएस हे मॉडेल दिवसातून चार वेळा चालतं आणि १६ दिवसांपर्यंतचं चित्र देतं. आठवड्याच्या पलीकडे नसलेली वादळं उभी करण्याची त्याची जुनी खोड आहे. सकाळच्या चित्रात मुंबई, संध्याकाळच्या चित्रात ओमान, दुसऱ्या दिवशी काहीच नाही, असं कितीदा तरी होतं. समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार होऊन त्याचं केंद्र पक्कं होईपर्यंत मॉडेलला धरायला काही नसतं. अटलांटिकमध्ये विमानं वादळात शिरून वारा आणि दाब मोजून आणतात. अरबी समुद्रात नेहमीसाठी तशी सोय नाही, मुख्य भिस्त उपग्रहांवर.

म्हणून एकच चित्र बघण्यापेक्षा एन्सेम्बल, म्हणजे अनेक अंदाजांचा संच, बघा. युरोपीय हवामान केंद्र सुरुवातीची स्थिती जराजराशी बदलून तेच मॉडेल ५० वेळा चालवतं. त्यातून निघणाऱ्या वादळाच्या मार्गाच्या रेषा गुजरातपासून येमेनपर्यंत पसरलेल्या असतील तर समजायचं, अजून काही ठरलेलं नाही. त्या एका पट्ट्यात आल्या आणि दोन-तीन दिवस तिथेच राहिल्या, तर मात्र गांभीर्यानं घ्या. २०२३ च्या जूनमध्ये बिपरजॉय वादळाच्या वेळी सुरुवातीला मॉडेलांचं एकमत नव्हतं. पुढे मार्ग स्पष्ट होत गेला आणि १५ जूनला ते कच्छमध्ये जखाऊजवळ धडकलं.

युरोपीय मॉडेलवर लोकांचा विश्वास आहे तो उगाच नाही. २०१२ मध्ये सँडी वादळ वळून अमेरिकेच्या किनाऱ्यावर येणार हे त्यानं साधारण आठवडाभर आधी दाखवलं, तेव्हा जीएफएस ते समुद्रात दूर नेत होतं. पण हे मार्गाबद्दल झालं. जोर किती वाढेल हे अजूनही फार अवघड आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मेक्सिकोच्या अकापुल्कोवर आलेलं ओटिस आदल्या दिवसापर्यंत बहुतेक मॉडेलांना साधं वाटत होतं, किनाऱ्यावर आलं ते सगळ्यात वरच्या, पाचव्या श्रेणीचं होऊन. एआयवर चालणारी नवी मॉडेलं मार्ग चांगला सांगतात, जोराच्या बाबतीत त्यातली बरीच कमी पडतात.

आता आपल्या कामाचं. वादळ कुठे धडकणार एवढ्यावरच नाशिकचा पाऊस ठरत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ जमिनीवर आलं आणि घाट ओलांडून, जोर कमी होत होत, आपल्याकडे पाऊस घेऊन आलं. उलट २०१९ च्या ऑक्टोबरमधलं क्यार चक्रीवादळ कोकणासमोरून ओमानच्या दिशेनं निघून गेलं, किनाऱ्याला लागलंच नाही. तरी त्या दिवसांतल्या पावसानं द्राक्षबागांचं जे नुकसान केलं ते जिल्हा विसरलेला नाही. वादळाची रेषा लांब गेली म्हणून फवारणीत ढिलाई करू नका. रेषेपेक्षा आपल्यावर बाष्प किती दिवस येत राहणार ते बघा. मात्र निफाडला पडेल की दिंडोरीला, हे पाच दिवस आधी कोणतंच मॉडेल खात्रीनं सांगू शकत नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं २०२५ मध्ये सुरू झालेलं भारत फोरकास्ट सिस्टीम ६ किलोमीटरच्या चौकटीवर चालतं, ही मोठी सुधारणा आहे, पण गडगडाटी ढग त्याहूनही लहान असू शकतो.

उद्या छाटलेली बाग दहा दिवसांनी जेमतेम पोंग्यात, म्हणजे डोळे फुटण्याच्या अवस्थेत, असेल, डाऊनी या बुरशीजन्य रोगाला धरायला पान फारसं नसेल. खरी काळजी महिना-सव्वा महिन्यापूर्वी छाटलेल्या, दोडा (फुलं उमलण्याआधीची अवस्था) किंवा फुलोऱ्यातल्या बागांची. तिथे फुलांची गळ आणि घडांची कूज दोन्ही होते. त्यांच्यासाठी तारीख चार-पाच दिवसांवर आली की हवामान खात्याचं बुलेटिन रोज वाचा आणि फवारणी, पाण्याचा निचरा त्याप्रमाणे लावा. तुमचे आधी छाटलेले प्लॉट असतील तर छाटणीच्या तारखा आणि वाण इथेच टाका, प्लॉटनुसार बोलू.