तीन प्रांतांच्या रसायन-पट्ट्यात येऊ इच्छिणाऱ्या अभियंत्यास

नेदरलँड्स, बेल्जियममधील फ्लँडर्स आणि जर्मनीतील नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफेलिया यांनी मिळून रसायन उद्योगाचे कार्बन उत्सर्जन कमी करण्याचे जे काम हाती घेतले आहे, त्यातल्या एका प्रकल्पात नोकरी मिळत असेल तर पत्नी आणि आठ वर्षांच्या मुलाला घेऊन यावे का, असे तुम्ही विचारले आहे. व्हिसा, पगाराची किमान मर्यादा आणि आरोग्यविमा यांची माहिती सरकारी संकेतस्थळांवर नीट दिलेली आहे, म्हणून ती मी येथे देत नाही. या पट्ट्यात मी आधी सीमेच्या डच बाजूला आणि नंतर जर्मन बाजूला नोकरी केली आहे, आणि तुमचा प्रश्न वाचल्यापासून मनात जे चालले आहे ते लिहिल्यावाचून राहवत नाही.

आधी कामाविषयी, कारण काम खरोखर मोलाचे आहे. बेल्जियममधले अँटवर्प, नेदरलँड्समधले खेलेन, जर्मनीतली डॉर्मागेन आणि लेव्हरकुसेन ही ठिकाणे तीन देशांत असली, तरी अँटवर्पपासून ऱ्हाइन आणि रूरपर्यंत जाणारी सुमारे ५०० किलोमीटरची इथिलीनची (प्लास्टिकचा कच्चा माल असलेल्या वायूची) पाइपलाइन त्यांना गेल्या शतकापासून जोडत आली आहे, आणि एकाचा क्रॅकर, म्हणजे इथिलीन बनवणारे संयंत्र, बंद असला तर दुसऱ्याच्या इथिलीनवर तिसऱ्याचा पॉलिमर (प्लास्टिक) प्लँट चालू राहतो. २०१७ मध्ये तिन्ही सरकारांनी संयुक्त धोरण मान्य केले, ते या जुन्या परस्परावलंबनाच्या पायावर. क्रॅकरमध्ये नाफ्था (खनिज तेलापासून मिळणारा द्रव) सुमारे ८५० अंश सेल्सिअसला तोडला जातो, आणि त्या उष्णतेसाठी भट्टीत जाळला जाणारा वायू हा बहुतांशी त्याच प्रक्रियेतून निघालेला मिथेन आणि हायड्रोजन असतो. भट्टी विजेवर न्यायची ठरवली की हा वायू उरतो आणि तो कोणी घ्यायचा हा प्रश्न शेजारच्या कारखान्यांपर्यंत जातो. एवढी वीज कुठून आणायची हा प्रश्न वीजवाहिन्यांच्या जाळ्यापर्यंत जातो, आणि नेदरलँड्समध्ये तर नव्या जोडणीसाठी उद्योगांच्या रांगा लागलेल्या आहेत. एकट्या कारखान्याने हे सुटत नाही, हे तेथे काम केल्यावर जितके पटते तितके अहवाल वाचून पटत नाही. या तीन प्रांतांतल्या सहा कंपन्या २०१९ मध्ये अशाच भट्टीच्या संशोधनासाठी एकत्र आल्या. विजेच्या भट्टीचा मोठा प्रात्यक्षिक प्रकल्प मात्र २०२४ मध्ये या प्रांतांच्या बाहेर, जर्मनीतल्याच लुडविग्सहाफेनला उभा राहिला.

कार्बन डायऑक्साइडचेही तसेच आहे. रॉटरडॅमजवळच्या पोर्थोस प्रकल्पात तो किनाऱ्यापासून सुमारे २० किलोमीटरवर, उत्तर समुद्राखालच्या रिकाम्या झालेल्या वायुक्षेत्रांत साठवायचा आहे, वर्षाला सुमारे २५ लाख टन. बांधकामातून होणाऱ्या नायट्रोजन उत्सर्जनावरून हा प्रकल्प न्यायालयात अडकला होता आणि गुंतवणुकीचा अंतिम निर्णय २०२३ मध्ये झाला. पण हे झाले बंदरातल्या कारखान्यांचे. खेलेनला किंवा ऱ्हाइनकाठी समुद्र नाही. तेथून वायू किनाऱ्यापर्यंत न्यायचा तर डेल्टा ऱ्हाइन कॉरिडॉरसारख्या नव्या वाहिन्या हव्यात, आणि त्यांच्या तारखा पुढे ढकलल्या जात आहेत. त्यामुळे तुमच्या कामाचा मोठा भाग संयंत्रांपेक्षा बैठका, परवाने आणि ‘शेजारी देशाने ठरवले की आम्ही ठरवू’ या उत्तरात जाईल. याचा मला थकवा येतो, तरी हे काम सोडावेसे मला कधी वाटले नाही.

ज्याचा सल अजून गेलेला नाही ते वेगळेच आहे. इथिलीन रोज या सीमा ओलांडते, पण आपल्यासारख्या युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकाला एका देशाच्या निवास परवान्यावर दुसऱ्या देशात नोकरी करता येत नाही. मी खेलेनला काम करत होते तेव्हा माझे जर्मन सहकारी आखेनहून गाडीने अर्ध्या तासात येत आणि संध्याकाळी घरी परतत. मला ऱ्हाइनकाठी नोकरी मिळाली, तेव्हा संपूर्ण कुटुंबाचे कागद नव्याने करावे लागले. पदवीची मान्यता, विवाह प्रमाणपत्राचे शपथबद्ध भाषांतर, आधीच्या देशातला पत्ता रद्द केल्याचा दाखला, हे सारे एकमेकांवर अवलंबून होते, आणि एका कार्यालयाला दुसऱ्याचा कागद आधी हवा असे. ज्या प्रकल्पाच्या पहिल्या पानावर सीमापार सहकार्य लिहिलेले होते, त्याच प्रकल्पातली व्यक्ती सीमेवर अशी अडकते याचा मला राग आला आणि तो आजही येतो.

मुलीच्या शाळेचे दुःख त्याहून मोठे आहे. ती डच शाळेत रुळली होती, डच बोलत होती, वाचत होती. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफेलियात तिसरीत गेली आणि चौथीच्या सहामाही प्रगतिपुस्तकाबरोबर पुढच्या शाळेची शिफारस आली, ती गिम्नाझियमची, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेची, नव्हती. गणितात ती वर्गात पुढे होती. कमी होते ते फक्त जर्मन, आणि तेही दीड वर्षाचे. कायद्याने ही शिफारस बंधनकारक नसते, अंतिम निर्णय पालकांचा असतो, आणि आम्ही तो घेतला. पण तो कागद दहा वर्षांच्या मुलीने वाचला होता. ती आज चांगली शिकते आहे, तरी उत्तर येत असूनही हात वर करण्याआधी ती क्षणभर थांबते. ते मला दिसते, आणि माझ्या नोकरीसाठी आम्ही सीमा ओलांडली नसती तर ती अशी थांबली असती का, हा विचार माझी पाठ सोडत नाही.

एकटेपणाविषयीही तुम्ही विचारले आहे. तो पहिल्या हिवाळ्यात फार असतो, भाषा आली की कमी होतो. त्याचा बाऊ करू नका.

त्यापेक्षा ज्याची भीती वाटावी अशी गोष्ट सांगते. २०२४ मध्ये खेलेनच्या दोन क्रॅकरपैकी एक कायमचा बंद करण्याचा निर्णय झाला. कारखाना बंद झाला तरी त्या जागेचे उत्सर्जन घटते, पण तोच माल दुसऱ्या खंडातून आला तर वातावरणाला काही लाभ होत नाही; आणि युरोपने सीमेवर जी कार्बनची आकारणी आणली आहे तिच्यात खते आणि हायड्रोजन आहेत, पॉलिमर नाहीत. प्रक्रिया बदलून उत्सर्जन कमी करता येते हे दाखवण्यासाठी मी येथे आले. ते दाखवण्याइतका वेळ या कारखान्यांना मिळेल का, याचे उत्तर मी माझ्या आईवडिलांनाही देऊ शकलेले नाही, आणि ‘परत कधी येणार’ हा त्यांचा प्रश्न त्याच्याशीच जोडलेला आहे.

म्हणून होकार देण्याआधी कंपनीकडून तीन गोष्टी लेखी घ्या: करार कोणत्या देशातल्या कंपनीशी आहे, सीमेपलीकडच्या कामाच्या परवान्यांची जबाबदारी कोणाची आहे, आणि प्रकल्पाचा निधी थांबला तर तुम्हाला त्याच देशात दुसरे काम देतील का. मग घर, शाळा आणि नोकरी सीमेच्या एकाच बाजूला ठेवा. मुलगा आठ वर्षांचा आहे. जर्मन बाजू निवडणार असाल तर येत्या उन्हाळ्यातच या आणि त्याचे जर्मन आजपासून सुरू करा. नेदरलँड्समध्ये पुढच्या शाळेचा निर्णय बाराव्या वर्षाच्या सुमारास होतो, त्यामुळे ती बाजू निवडलीत तर त्याला भाषेसाठी आणखी दोन वर्षे मिळतील.