“चुकलं तर चुकलं म्हणा”

“मॅडम, त्याचं मन रमेल असं काहीतरी सुचवा.” अपघाताने अपंगत्व आलेल्या माणसाच्या घरून माझ्याकडे बहुतेक वेळा हीच मागणी येते. नारायण पेठेतल्या या ताईही त्यासाठीच आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) धाकटा भाऊ फरशीकाम करायचा. परांचीवरून पडला, मणका दुखावला, कमरेखालचं अंग लुळं पडलं. ताईंनी त्याला कागदी पाकिटं करायला बसवलं. महिनाभर केली, मग एक दिवस कात्री भिरकावून दिली.

पहिल्या भेटीत मी पाकिटांचा विषय काढलाच नाही. झोप, भूक आणि मरणाचे विचार, एवढंच विचारलं. विचार येत होते, म्हणून आधी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. नैराश्य हा आजार आहे; हाताला काम दिलं की तो जाईल, या भरवशावर कृपा करून राहू नका.

झोप लागायला लागली तसा तो बोलू लागला. शेजारणींनी घेतली म्हणून ताई ज्या पाकिटांचे पैसे आणून द्यायच्या, ती सगळी त्याला त्यांच्याच कपाटात सापडली होती. “वाकडी होती, तरी कोणी बोललं नाही. फरशी दोन सूत वाकडी बसली तर शेठ उखडायला लावायचा, मॅडम.”

त्याचं दुखणं इथे होतं. त्याच्या कामात चूक काढण्याइतकंही कोणी त्याला मोजत नव्हतं.

अप्पा बळवंत चौकाजवळ एक बाइंडर काका माझ्या ओळखीचे आहेत. त्यांना म्हटलं, शिकवा, पण दया नको. चुकलं तर चुकलं म्हणा. काकांनी जुजबंदीपासून, म्हणजे पुस्तकाच्या शिलाईपासून, सुरुवात केली. सोळा पानी फर्मे (घडी घातलेल्या पानांचे जुडगे) घडीत टोचायचे, मेण लावलेल्या दोऱ्याने एकमेकांत गुंतवत शिवायचे. दोरा ढिला राहिला तर पुस्तक खिळखिळं होतं, जास्त ओढला तर घडी फाटते. मग मैद्याची खळ, कीड लागू नये म्हणून तिच्यात थोडं मोरचूद. पहिली तीन पुस्तकं काकांनी त्याच्यासमोर उसवली. ताईंचा मला रडवेला फोन आला, “किती कठोर आहेत हो ते!” त्या रात्री तो बारापर्यंत शिवत बसला होता.

कोपरा गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात, आहे की नाही हे त्याची नजर आधीपासूनच ओळखत होती. फरशी गेली तरी ती नजर शाबूत होती. घरच्यांना मी म्हणूनच सांगते, नवं काही सुचवण्याआधी त्या माणसाच्या हाताला काय येत होतं ते विचारा.

एक धोका मात्र माझ्या ध्यानात आला नव्हता. कामाच्या नादात तो तासन्‌तास हलायचाच नाही. खाली संवेदना नसल्याने दुखत नाही, आणि बसून बसून जखम होते. बुडाला लाल चट्टा दिसला, तेव्हा फिजिओथेरपिस्टनी बजावलं: दर वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचलायचंच. आता त्याच्या मोबाइलवर गजर लागतो. उभं राहून चालवायचं मोठं कटिंग मशीन काका चालवतात, शिलाई आणि पुठ्ठा याच्याकडे.

परवा माझ्या आजीची पोथी त्याच्याकडे घेऊन गेले. उलटसुलट करून पाहिली, आधी कोणीतरी चिकटपट्टी लावली होती म्हणून वैतागला. “आधी हा चिकटा काढायला लागेल. मंगळवारच्या आत होणार नाही,” म्हणाला, आणि पुढचं पुस्तक शिकंज्यात, म्हणजे दाबयंत्रात, अडकवलं.